नोवाक: पोलंडमधल्या गर्दीचं आडनाव

नमस्कार मंडळी. आज एक आडनाव घेतलंय, नोवाक. पोलंडचं. परत सांगतो, नोवाक. जोर पहिल्या 'नो' वर द्यायचा, आणि 'नॉवॅक' बिवॅक काही म्हणायचं नाही. टेनिसवाल्या जोकोविचमुळे नोवाक हे नाव आपल्या कानाला सवयीचं झालंय, पण सर्बियात ते माणसाचं नाव आहे आणि पोलंडमध्ये आडनाव. आमचे कॉमेंट्रीवाले लोक परदेशी नावांचं जे भरीत करतात ना त्यावर एक वेगळं भाषण द्यायला पाहिजे, लाखांनी पगार घेता तर मॅचच्या आधी कुणाला तरी विचारून घ्या की, पाच मिनिटं लागतात. असो.

तर नोवाक हे पोलंडमधलं सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव. साधारण २ लाख माणसं. देशाची लोकसंख्या पावणेचार कोटीच्या आसपास, म्हणजे हिशोब करा, दर दोनशे माणसांत एक तरी नोवाक निघतोच. दुसरा नंबर कोवाल्स्कीचा, त्याच्या मागे विश्न्येव्स्की, वुय्चिक, कोवाल्चिक वगैरे मंडळी. गंमत अशी की पोलंडमध्ये 'कुणीही सामान्य माणूस' म्हणायचं असलं की पेपरवाले यान कोवाल्स्की लिहितात, नमुन्याच्या फॉर्मवर पण तोच असतो, पण मोजायला गेलं तर नोवाक पुढे. कोवाल म्हणजे लोहार. आता गावात लोहार एक, फार तर दोन, पण नवीन आलेला माणूस? तो तर दर वर्षी कुणीतरी असतोच.

आणि हाच त्याचा अर्थ. पोलिश भाषेत नोवी म्हणजे नवा. आपला नवा आणि त्यांचा नोवी एकाच जुन्या मुळाचे, त्यामुळे मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. नोवाक म्हणजे गावात नवीन आलेला. एवढंच. जुन्या काळी खेड्यात आडनावं नव्हती, यान, पिओत्र, स्तानिस्वाव अशी मोजकी नावं फिरून फिरून, एका गावात तीन तीन यान. मग हा कुठला यान? तो नवीन आलेला. कुणी जंगल तोडून नवीन जमीन कसायला आलेला, कुणी जमीनदाराच्या जाचाला कंटाळून पळून आलेला, कुणी पडीक घर धरून राहिलेला. गावानं नोवाक म्हटलं आणि ते चिकटलं, मग पोरं झाली, नातवंडं झाली, तिथंच जन्मली, तिथंच म्हातारी झाली तरी आडनाव आपलं नवीन आलेला. पुढं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलंडचे तीन तुकडे करून प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशियानं वाटून घेतले, त्या सरकारांना टॅक्स पाहिजे, सैन्यात भरती पाहिजे, मग त्या शतकाच्या शेवटाला आणि एकोणिसाव्याच्या सुरवातीला आडनावं कागदावर पक्की झाली.

इथं एक मुद्दा नीट ऐका कारण लोक नेहमी चुकतात. सगळे नोवाक एकमेकांचे नातेवाईक नाहीत. शेकडो गावांत शेकडो वेळा हे आडनाव वेगवेगळं तयार झालंय, एक मूळ पुरुष, एक वंशवेल, असलं काही नाही. शेजारी चेक लोकांत पण नोवाक पहिल्या नंबरावर, स्लोव्हेनियात पण पहिल्या नंबरावर, हंगेरीत पण भरपूर. पोलंडात हे जास्त करून पश्चिमेला नि दक्षिणेला, पोझनान शहराभोवतीचा भाग, सायलेसिया, क्राकुव्हकडचा भाग, आणि पूर्वेला जाल तसं विरळ होत जातं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पोलिश मजूर जर्मनीत रूरच्या कोळसा खाणींवर गेले, शिकागोला कारखान्यांत गेले, नोवाक त्यांच्याबरोबर गेलं आणि तिकडे गेल्यावर तर ते परत एकदा खरंच झालं, नवीन आलेला.

आता कोवाल्स्कीतलं ते स्की. कोल्हापूरकडच्या जुन्या लोकांनी ते ऐकलेलं असणार, वळिवड्याच्या कॅम्पात १९४३ ते १९४८ जवळपास पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेली. स्की म्हणजे मुळात आपलं कर. अमुक गावचा तो अमुकस्की. सुरवातीला जहागीरदार लोक लावायचे, गाव त्यांच्या मालकीचं ना, मग त्याला वजन आलं, मग शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी पण लावून घेतलं, लोहाराचा कोवाल्स्की झाला तो असाच. नोवाकला शेपूट लावून नोवाकोव्स्की पण होतं. पण नुसता नोवाक म्हणजे साधा माणूस, जहागीर नाही, गढी नाही.

बायकांचं बघा, कोवाल्स्कीची बायको कोवाल्स्का होते, नोवाकची मात्र आता नोवाकच राहते. पूर्वी बायको नोवाकोवा आणि लग्न न झालेली मुलगी नोवाकुव्ना, म्हणजे नुसत्या आडनावावरून कळायचं हिचं लग्न झालंय की नाही, जगाला कशाला पाहिजे ती चौकशी? ते आता बरंच मागं पडलं. आपल्याकडे अजून लग्न झालं की पोरीनं पॅन बदला, आधार बदला, बँकेत जाऊन तीन तास बसा, आणि नवऱ्यानं काय बदलायचं तर व्हॉट्सॲपचा डीपी. माझं स्पष्ट मत आहे, कुणीच काही बदलू नये. असो, विषय भरकटला.

तर ज्याच्यासाठी मी हे आडनाव निवडलं तो किस्सा आता सांगतो. यात एक नोवाक आहे जो नोवाक नव्हताच.

त्याचं खरं नाव झ्जिस्वाव येझ्योरान्स्की. जन्म १९१४, बर्लिनमध्ये. येझ्योरो म्हणजे तळं, वर स्की, म्हणजे आडनाव चांगलं वजनदार. त्यातून १८६३ चं रशियाविरुद्धचं बंड मोडल्यावर ज्यांना वॉर्सात फासावर दिलं त्यांच्यात एक येझ्योरान्स्की होता, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात बसलेलं आडनाव. १९३९ ला जर्मन घुसले, हा पकडला गेला, निसटला, आणि वॉर्सात भूमिगत सैन्यात गेला. भूमिगत माणसाला टोपणनाव लागतं. ह्यानं वेगवेगळी वापरली, पण राहिलं ते यान नोवाक. बघा डोकं. गर्दीत लपायचंय तर गर्दीचंच नाव घ्या. तपासणीत कागद बघणाऱ्या शिपायानं दिवसभरात असले किती नोवाक बघितले असतील.

काम निरोप्याचं. वॉर्सातून स्वीडन, स्वीडनहून लंडन, जर्मनांच्या नाकाखालून. डिसेंबर १९४३ ला लंडनला पोचला, तिथल्या मोठ्या मोठ्या लोकांना भेटला, आणि मग प्रश्न आला परत जायचं कसं. आता खरा किस्सा सुरू.

जुलै १९४४. २५ आणि २६ च्या मधली रात्र. इटलीत ब्रिंदिसी म्हणून बंदर आहे, तिथून एक डकोटा विमान उडालं. वैमानिक न्यूझीलंडचा, कलिफर्ड, आणि त्याच्या शेजारी पोलिश वैमानिक श्राएर, कारण खाली माणसांशी बोलणार कोण? विमानात चार प्रवासी, त्यातला एक आपला यान नोवाक. जायचं कुठं तर तारनुव गावाजवळ एका कुरणात. विमानतळ नाही, कुरण. भूमिगत लोकांनी शोधून ठेवलेलं, सांकेतिक नाव मोतिल, फुलपाखरू. आणि त्याच दिवशी जर्मनांची दोन छोटी विमानं नेमकी त्याच कुरणात येऊन उतरली! खाली झुडपात बसलेल्या लोकांची काय अवस्था झाली असेल. संध्याकाळच्या आत ती उडून गेली म्हणून बरं.

मध्यरात्र झाली, कंदील लावून खुणा केल्या, डकोटा उतरलं. चार माणसं उतरली, नोवाक उतरला. आणि चढवायचं काय होतं? तर व्ही टू रॉकेटचे भाग. हिटलरचं नवीन रॉकेट, जे लंडनवर पडायचं होतं, त्याच्या चाचण्या पोलंडमध्ये चालायच्या, आणि मे महिन्यात एक न फुटता बुग नदीच्या काठाला पडलं ते भूमिगत लोकांनी जर्मनांच्या आधी गाठलं, लपवलं, उघडलं, शास्त्रज्ञांनी तपासलं. त्याचे महत्त्वाचे भाग आणि अहवाल घेऊन एक माणूस विमानात चढला, अजून चार चढले, दारं लागली, इंजिनं वाढवली, आणि विमान जागचं हलेना.

हलेना म्हणजे हलेना. पाऊस पडून गेलेला, कुरण भिजलेलं, चाकं रुतली. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतात घातलाय असा जो कुणी ऐकत असेल त्याला सांगायला नको, जेवढा रेस द्याल तेवढं चाक खाली. सगळे उतरले, सामान उतरवलं, चाकाखालची माती काढली, परत चढले. परत इंजिन, परत हलेना. वैमानिकाला वाटलं ब्रेकच अडकलेत, म्हणून ब्रेकला तेल नेणारी नळी कापून टाकली. कापून टाकली हो, म्हणजे आता विमान सुटलं तरी उतरताना ब्रेक नाही. तरी हलेना. एवढा वेळ दोन इंजिनं रात्रीच्या शांततेत घुमतायत, आणि जर्मन तुकड्या काही फार लांब नाहीत. शेवटी विमान पेटवून द्यायचं असं ठरायला लागलं. पण खाली जमलेले लोक, ते काही तयार नाहीत, हातानं चिखल उपसला, फळ्या आणून चाकांखाली घातल्या, आणि तासाभराहून जास्त वेळ झुंजल्यावर विमान सुटलं, धडपडत उडालं, आणि ब्रेकशिवाय ब्रिंदिसीला उतरलं सुद्धा. रॉकेटचे भाग दोन-चार दिवसांत लंडनला पोचले. ज्यांनी हातानं चिखल काढला त्यांच्यात दोन-चार तरी जन्माचे नोवाक असतील की नाही सांगा, तारनुव म्हणजे क्राकुव्हच्या पट्ट्यातच की ते.

आपला नोवाक वॉर्साला पोचला जुलैच्या अगदी शेवटाला. त्यानं सेनापतींना सांगितलं की दोस्त राष्ट्रांकडून फार मदतीची आशा धरू नका, लंडनमध्ये हवा अशी अशी आहे. पण निर्णय जवळजवळ झालेला होता. १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव सुरू झाला, ६३ दिवस चालला, २ ऑक्टोबरला शरणागती. त्या धामधुमीत ह्यानं काय केलं? एक, उठाववाल्यांचं रेडिओ स्टेशन होतं, ब्विस्कावित्सा म्हणजे वीज, त्याच्यावरून इंग्रजी बातम्या द्यायचं काम. दोन, लग्न. सप्टेंबरमध्ये, शहर ढासळत असताना, याद्विगा नावाच्या निरोप्या मुलीशी, तिचं पण टोपणनाव होतं, ग्रेटा. मग दोघं शहरातून निसटले, कागदपत्रं घेऊन जर्मनीतून स्वित्झर्लंड गाठलं आणि जानेवारी १९४५ ला हा परत लंडनला हजर.

लढाई संपली की टोपणनाव सोडतात ना माणसं? ह्यानं नाही सोडलं. पोलंडमध्ये कम्युनिस्ट सरकार बसलं, हा बाहेरच राहिला, आधी बीबीसीत, आणि मग ३ मे १९५२ ला म्युनिकहून रेडिओ फ्री युरोपचं पोलिश केंद्र सुरू झालं, त्याचा प्रमुख यान नोवाक. जवळपास २४ वर्षं प्रमुख. पैसा अमेरिकेचा, हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगतो. पोलंडमधलं सरकार त्या लहरींवर मुद्दाम घरघर सोडायचं, जॅमिंग म्हणतात त्याला, आणि लोक दारं खिडक्या लावून, आवाज बारीक करून, रेडिओला कान चिकटवून त्या घरघरीतून शब्द वेचायचे. १९५३ च्या शेवटाला पोलंडच्या गुप्त पोलिसातला एक मोठा अधिकारी पळून आला आणि १९५४ ला ह्याच रेडिओवरून त्यानं आतल्या भानगडी एकेक करून सांगितल्या, त्याच वर्षाच्या शेवटाला ते खातंच सरकारला मोडावं लागलं. आवाजानं खातं मोडलं मंडळी. आणि लोक मला म्हणतात रेडिओ आता कोण ऐकतं. शॉर्टवेव्हचा काटा फिरवताना मधेच एखादं लांबचं स्टेशन लागायचं, त्यातली मजा त्या पॉडकास्टच्या बटणात नाही, नाही म्हणजे नाही.

तर सगळ्या पोलंडला तो यान नोवाक म्हणूनच माहीत झाला. नंतर दोन्ही जोडून लिहायला लागला, नोवाक-येझ्योरान्स्की. आधी गर्दीचं, मग घराण्याचं. १९९६ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मोठं नागरी पदक दिलं, २००२ ला तो कायमचा वॉर्साला राहायला गेला आणि जानेवारी २००५ मध्ये तिथंच वारला, नव्वदीचा होऊन.

वेळ संपत आली, काचेपलीकडून मला हात दाखवतायत. म्हणून परत एकदा पटकन, कुणी उशिरा रेडिओ लावला असेल तर: नोवाक, म्हणजे गावात नवीन आलेला, पोलंडमधलं एक नंबरचं आडनाव, माणसं साधारण २ लाख, आणि ती सगळी एकमेकांची भाऊबंद नव्हेत. पुढच्या वेळी विश्न्येव्स्की घेऊ. त्याच्यात विश्निया आहे, म्हणजे आंबट चेरी, आणि ते आडनाव मुळात झाडाचं नाही, गावाचं आहे, ते कसं ते तेव्हाच सांगतो. तोपर्यंत नमस्कार.