खेळण्यातल्या विटांचं राहतं घर

श्रोतेहो, नमस्कार. लेगोसारख्या खेळण्यातल्या विटा रचून माणसाला आत वावरता येईल असं घर बांधायचं म्हटलं, की पहिली शंका हमखास येते: वरच्या भाराने खालच्या विटा चेपणार नाहीत का? नाही चेपत. 2012 साली ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत चार खुंट्यांची, म्हणजे वर चार गोल उंचवटे असलेली, एक वीट दाबून पाहिली, तेव्हा तिने चारशे किलोहून जास्त भार पेलला. दाब ती सोसते. ओढ मात्र सोसत नाही. सगळी दुखणी तिथून सुरू होतात.

आधी हिशेब. आठ खुंट्यांची वीट 32 मिलिमीटर लांब, 16 रुंद, 9.6 उंच. एकेरी भिंतीच्या चौरस मीटरला 104 थर, म्हणजे सव्वातीन हजार विटा. वजन जेमतेम आठ किलो! अशी भिंत वाऱ्यात डुलणारच. म्हणून दोन पदर घ्या, मध्ये पोकळी ठेवा आणि ठरावीक थरांनंतर दोन्ही पदर आडव्या विटांनी बांधा. सांधेमोड गवंडीकामासारखीच: खालच्या सांध्यावर वरच्या विटेचा मध्य. उभा सांधा सरळ वर चढला, तर भिंत तिथेच उकलते.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. 2.4 मीटर उंचीला बरोबर 250 थर लागतात. वीट पूर्ण न बसल्याने प्रत्येक थरात कागदाएवढी, 0.1 मिलिमीटर फट राहिली, तर वर पोचेपर्यंत 25 मिलिमीटर वाढतात. शेजारची भिंत दुसऱ्याने घट्ट दाबून रचली असेल, तर कोपऱ्यात थर जुळतच नाहीत. म्हणून दर चार-पाच थरांनी वर फळी ठेवून रबरी हातोडीने ठोका, आणि 50 थर झाले की टेप लावा. 48 सेंटिमीटरच भरले पाहिजेत.

दार-खिडकीवर नुसत्या विटांचं लिंटेल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी पट्टी, टिकत नाही. खालच्या अंगाला ताण येतो आणि खुंट्या सुटतात. तिथे लाकूडच घाला. मजल्याचंही तेच. 2009 साली ब्रिटिश टीव्ही निवेदक जेम्स मे यांनी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात सुमारे 33 लाख विटांचं दुमजली घर उभारलं, त्यातही आत लाकडी सांगाडा होता. यात कमीपणा कसला? सांगाड्याला भिंत करकचून मात्र आवळू नका. पाच मीटर लांबीचं हे प्लास्टिक 20 अंश तापलं की सात-आठ मिलिमीटर वाढतं, म्हणजे जवळपास एका खुंटीची जागा. तेवढी मोकळीक हवी.

पावसाचं पाणी सांध्यांतून झिरपतं, तेव्हा छपरावर आच्छादन टाका. आत चूल, शेगडी, मेणबत्ती काही नको. हे प्लास्टिक पेटलं की दाट काळा धूर होतो.

राहिला गोंद. त्याने भिंत मजबूत होते, पण विटा पुन्हा सुट्या निघत नाहीत. तेव्हा तो लावायचा की नाही, हे पहिली वीट बसवण्याआधीच ठरवा.