वांग्याचे खुडलेले शेंडे बांधावर टाकू नका

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. मोहोळ, बार्शी, मंगळवेढा या भागांतून एकच प्रश्न सातत्याने येत आहे: "निंबोळी अर्क फवारतो, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावले आहेत, शेंडेही खुडतो, तरी वांगी किडकी निघतातच, मग कडक औषधाशिवाय दुसरा इलाज आहे का?" ही कीड म्हणजे वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी, ल्युसिनोडीस; ती आत शिरली की शेंडा मान टाकतो. तिच्यावर इलाज आहे, आणि तो तुम्ही अर्धा केलेलाच आहे.

प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून त्या थोडक्यात सांगतो. वांग्यावर वांगे घेऊ नये, युरिया बेताने द्यावा, आणि ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून, गाळून, एकूण १०० लिटर द्रावण करून ते त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावे.

आता मुख्य मुद्दा. खुडलेल्या शेंड्यांचे तुम्ही पुढे काय करता?

मोहोळ तालुक्यातील एका शेतात मी गेलो होतो. मान टाकलेले शेंडे मजुरांनी अगदी निगुतीने खुडले होते आणि त्यांचा ढीग बांधावर, पिकापासून चार पावलांवर पडला होता. त्यातला एक शेंडा मी नखाने उभा चिरला. आत ओली विष्ठा होती आणि तिच्या मागे तपकिरी डोक्याची, फिकट गुलाबी अळी जिवंत होती. शेंडा झाडावरून निघाला म्हणून ती मरत नाही. पूर्ण वाढ झालेली अळी शेंड्यातून बाहेर पडते, पालापाचोळ्यात कोष करते, आणि साधारण आठवडा-दीड आठवड्यात त्याचा पतंग होऊन तो तुमच्याच वांग्यावर अंडी घालायला येतो. असे खुडणे म्हणजे मजुरी देऊन कीड बांधावर नेऊन ठेवणे होय.

यावर एका प्रेक्षकाने लिहिले आहे की, "मी लगेच अर्क फवारतो, त्यामुळे काळजी नाही." बंधो, अर्काचा उपयोग अळी बाहेर असेपर्यंतच होतो. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते आणि छिद्र विष्ठेने बुजवते. त्यानंतर तिच्यापर्यंत कोणतीही फवारणी नीट पोहोचत नाही. आत शिरलेली अळी संपवायची तर तो शेंडा आणि ते किडके फळच नष्ट केले पाहिजे.

सापळ्यांचेही तसेच आहे. कामगंध सापळ्यात फक्त नर अडकतात. शेजारच्या ढिगातून मिलन झालेली मादी आली, तर तुमचा सापळा तिला अडवू शकत नाही. "टोमॅटोसाठी आणलेला ल्युअर (सापळ्यात ठेवायची गंधाची गोळी) वांग्यात चालेल का?" असेही अनेकांनी विचारले आहे. चालणार नाही. टोमॅटोचे फळ पोखरणारी हेलिकोव्हर्पा आणि वांग्यातील ल्युसिनोडीस या वेगळ्या किडी आहेत आणि त्यांचे गंधही वेगळे आहेत. मागच्या हंगामात एका दुकानदाराने आमच्या ओळखीच्या शेतकऱ्याला "सगळे सारखेच असते" असे सांगून चुकीचा ल्युअर दिला. सापळे रिकामे राहिले आणि त्या गृहस्थाचा या पद्धतीवरचा विश्वासच उडाला. याचा मला मनापासून राग येतो. पाकिटावरचे किडीचे नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

तेव्हा खुडताना हातात पिशवी ठेवा. पोखरलेल्या भागाच्या थोडे खालून शेंडा कापा, तो थेट पिशवीत टाका, किडकी फळेही त्यातच घाला, आणि तोंड घट्ट बांधून पिशवी दिवसभर उन्हात ठेवा. आपल्या सोलापूरच्या उन्हात आतली अळी तग धरत नाही. पावसाळी हवा असेल तर सगळे साबणाच्या पाण्यात बुडवा किंवा खोल खड्ड्यात पुरा. हे काम दर आठवड्याला, लागवडीनंतर पहिला मलूल शेंडा दिसल्यापासून करा, आणि शेजाऱ्याचाही वांग्याचा प्लॉट असेल तर दोघांनी एकाच दिवशी करा.

पीक संपल्यावर उपटलेली झाडे सरपणासाठी गोठ्याशेजारी रचून ठेवणारे बरेच जण आहेत. त्या वाळक्या काड्यांतूनही पतंग निघतात. नवी रोपे लावण्यापूर्वी तो ढीग तिथून हलवा, किंवा हलवणे शक्य नसेल तर बारीक जाळीने पूर्ण झाकून टाका.