गोळी बंद करा म्हणाले, चालू करा कुणी म्हणालंच नाही

नमस्कार मंडळी. मी तासगावजवळच्या खेड्यातली, घरची द्राक्षबाग आहे. डॉक्टर नाही मी. पण ज्यांच्या घरात कुणाचा हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय किंवा बदलायचं ठरलंय त्यांच्याशी बोलायचंय, कारण ऑपरेशन पार पडलं की आपण नारळ फोडून मोकळे होतो आणि खरं जपायचं काम तिथून पुढं असतं.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीत आमचे हे बागेतच चक्कर येऊन पडले. वय 49. आम्हाला वाटलं ऊन लागलं, पण मिरजेला इको केला तर महाधमनीचा, म्हणजे हार्टमधून अंगाला रक्त जातं त्या तोंडावरचा, व्हॉल्व्ह कॅल्शियम साचून आवळला होता. त्याला तीन पाकळ्या असतात, ह्यांना जन्मापासून दोनच, शंभरात एक-दोन माणसं अशी असतात म्हणे. उघडायची जागा नॉर्मलला 3 ते 4 चौरस सेंटिमीटर असते, ह्यांची 1 च्या पण खाली आलेली.

छातीचं हाड कापून ऑपरेशन झालं, हार्ट थांबवून, मशीनवर. आधी डॉक्टरांनी सगळं मोकळेपणानं सांगितलं होतं, की रक्तस्राव, लकवा, किडनीला त्रास, इन्फेक्शन, कुणाला पेसमेकर बसवावा लागतो, आणि बाकी तब्येत चांगली असेल तर जिवाला धोका शंभरात एक-दोघांना. ह्यांचे ठोके तिसऱ्या दिवशी वेडेवाकडे पडायला लागले, मी घाबरून गेले, पण हे बऱ्याच जणांना होतं आणि औषधानं बसतं. हाड जुळायला दोन-तीन महिने. वजन उचलायचं नाही, मोटारसायकल नाही.

नवा व्हॉल्व्ह दोन प्रकारचा मिळतो. टिश्यूचा, म्हणजे जनावराच्या ऊतीपासून केलेला, साधारण 10-15 वर्षांनी झिजतो, तरुण माणसात आणखी लवकर. मेकॅनिकल, म्हणजे कारखान्यात बनवलेला, झिजत नाही, पण त्यावर रक्ताची गुठळी धरते म्हणून रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर. ह्यांचं वय बघून मेकॅनिकल बसवला. त्याचा आवाज येतो बरं का, घड्याळासारखा, रात्री दिवे बंद केले की टिक् टिक्. पहिले महिनाभर मला झोप लागेना, मग त्या आवाजाशिवाय लागेना.

दीड वर्षानं दाढ दुखायला लागली. दाताच्या डॉक्टरांनी रक्ताची गोळी पाच दिवस बंद करायला सांगितलं, दाढ काढली, जखम भरली. गोळी परत चालू करा हे काही ते बोलले नाहीत, आणि आम्हीपण हार्टच्या डॉक्टरांना फोन केला नाही, ती चूक आमची. द्राक्ष उतरायची गडबड, गोळीकडं कुणाचं लक्षच नाही, तीन आठवडे गेले. एका रात्री मला आवाज येईना. पंखा बंद केला, छातीला कान लावला, तर टिक् अशी नाहीच, नुसतं लांबून कापडातून ठोकल्यासारखं. तशात ह्यांना उताणं झोपवेना, धाप लागत होती.

तसंच गाडीत घालून मिरज गाठली. आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची टेस्ट, तो ह्यांना 2 ते 3 मध्ये ठेवायला सांगितलेला, निघाला 1.1. व्हॉल्व्हच्या दोन पात्यांपैकी एक गुठळीनं अडकलेलं. गुठळी विरघळवायचं औषध दिलं, गुठळीचा तुकडा मेंदूत गेला तर लकवा, हे सांगूनच माझी सही घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला. मी तिथंच रडले.

आता वहीत तारीख, आयएनआर आणि गोळीचा डोस लिहिते. हिरव्या पालेभाजीनं गोळीचा असर कमी होतो, तरी मेथी-पालक बंद नाही केलं, फक्त रोज साधारण तेवढंच, एकदम जास्त नाही की एकदम बंद नाही. अंगदुखीची गोळी मनानं नाही, कमरेत इंजेक्शन नाही. नव्या जातीच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या मेकॅनिकल व्हॉल्व्हला चालत नाहीत, मेडिकलवाल्यानं बदलून दिली तर घेऊ नका. संडास काळी झाली तर आतून रक्त जात असेल, लगेच दाखवा. दातांचं काही करायचं तर आधी अँटिबायोटिक, कारण तोंडातले जंतू व्हॉल्व्हवर जाऊन बसतात, आणि ताप उतरत नसेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ती टेस्ट, करायला सांगा.

ऑपरेशननंतर व्हॉल्व्हचं एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर जात आणि साईज लिहिलेली असते. आमचं फाईलमध्ये दबून पडलं होतं, आता ह्यांच्या शर्टाच्या खिशात असतं. तुमचं कुठं आहे ते आज रात्री जेवायच्या आधी शोधा.