पाहुण्यांच्या खेळाचं शहर

[पडद्यावर: ओमाहा, नेब्रास्का. जून 2025.]

निवेदन:

2025 च्या जूनमधला एक आठवडा. शुक्रवार, 6 तारीख. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी एका तडजोडीला मान्यता दिली आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. सोमवार, 9 तारीख. ओमाहात जॉन युईंग यांनी मेयरपदाची शपथ घेतली. पुढचा शुक्रवार, 13 तारीख. याच ओमाहात कॉलेज बेसबॉलची वर्ल्ड सिरीज सुरू झाली.

वर्तमानपत्रात या तीन बातम्या तीन वेगळ्या पानांवर होत्या. मी या शहरात राहतो, आणि माझ्या मते ही एकच बातमी आहे. या शहराचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर सुरुवात सिटी हॉलपासून करू नका, मैदानापासून करा.

[दृश्य: स्टेडियमबाहेरची रांग. जांभळे, लाल, नारिंगी टी-शर्ट.]

वर्ल्ड सिरीज हे नाव भव्य आहे, पण त्यात जग कुठेच नाही. 64 विद्यापीठांचे संघ मे अखेरीला बाद फेरीत उतरतात, आणि छाटणी होत होत आठ उरतात. ते आठ ओमाहाला येतात. इथे एकदा हरलात तर आणखी एक संधी मिळते, दुसऱ्यांदा हरलात की बॅगा भरायच्या. शेवटी दोन संघ राहतात, त्यांच्यात तीन सामने. ज्याने दोन जिंकले तो विजेता. दीड आठवड्यात खेळ आटोपतो, आणि तेवढ्यात तीन लाखांहून जास्त तिकिटं खपतात.

या आठांत नेब्रास्काचा संघ बहुतेक वेळा नसतोच. ओमाहाचं स्वतःचं क्रेटन विद्यापीठ इथवर पोचलं ते 1991 मध्ये. राज्याचं नेब्रास्का विद्यापीठ 2001, 2002 आणि 2005 मध्ये. म्हणजे 1950 पासून हे शहर दर जूनमध्ये दुसऱ्यांच्या पोरांचा खेळ भरवतंय. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड असतो ना, तसंच. पैलवान बाहेरगावचे, इनाम गावाचं, आणि फड चांगला झाला की फेटा सरपंचाला.

इथल्या सरपंचाला मेयर म्हणतात, पण आपल्या महापौराशी त्याची गल्लत करू नका. आपल्याकडे महापौर मानाचा आणि कारभार आयुक्तांचा. ओमाहाचा मेयर लोकांनी थेट निवडलेला असतो. बजेट तो मांडतो, पोलीसप्रमुख तो नेमतो, आणि बर्फ वेळेत उचलला नाही तर शिव्याही त्यालाच पडतात.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. टेकडीवरचं स्टेडियम.]

ही स्पर्धा जन्माने ओमाहाची नाही. 1947 आणि 48 मध्ये ती मिशिगनमधल्या कॅलमझूला झाली. तिथे येल विद्यापीठाकडून फर्स्ट बेसवर, म्हणजे धाव घेताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, एक सडपातळ डावखुरा मुलगा खेळायचा. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. थोरले जॉर्ज बुश. दोन्ही वर्षी येल अंतिम फेरीत हरलं. 49 मध्ये स्पर्धा कॅन्सासमधल्या विचिटाला गेली, तिथेही जमलं नाही. पन्नासमध्ये ओमाहाने ती मागून घेतली. सुरुवातीची कैक वर्षं इथेही तोटाच झाला. तरी शहराने हात सोडला नाही.

त्यामागे जॉनी रोझेनब्लाट नावाचा माणूस होता. डेअरीत काम करणारा, स्वतः बेसबॉल खेळलेला ज्यू गृहस्थ. शहराच्या दक्षिण भागात टेकडीवर पालिकेचं मैदान व्हावं म्हणून त्याने खटपट केली, आणि 1948 मध्ये ते उभं राहिलं. पुढे 1954 ते 1961 तो मेयर होता. पार्किन्सनच्या आजाराने त्याला थांबवलं. 1964 मध्ये त्या मैदानाला त्याचंच नाव दिलं. राजकारण्याचं नाव मैदानाला देणं आपल्याला नवीन नाही. इथे फरक इतकाच, की तो माणूस त्या खेळात घाम गाळून आलेला होता.

रोझेनब्लाट स्टेडियमच्या शेजारी प्राणिसंग्रहालय होतं. सामना बघताना मागे त्याचा मोठा घुमट दिसायचा. आसपासच्या घरांतले लोक अंगणात गाड्या लावू द्यायचे आणि जूनमध्ये चार पैसे कमवायचे. स्पर्धेचा सगळ्यात सरळ हिशेब तोच होता: पैसा थेट त्या वस्तीच्या खिशात.

[दृश्य: 2008. वर्तमानपत्रांची कात्रणं.]

मग करार आला. स्पर्धा भरवणाऱ्या एनसीएए या संस्थेशी असलेला करार 2010 मध्ये संपत होता. संस्थेला नवं मैदान हवं होतं आणि तेही डाउनटाउनमध्ये, म्हणजे शहराच्या ऐन मध्यवस्तीत. मेयर होते माइक फेही. गावात दोन तट पडले. जुनं मैदान वाचवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने अभिनेता केव्हिन कॉस्टनरही उतरला. पण दुसऱ्या बाजूला साधी भीती होती: आपण नाही म्हटलं तर दुसरं एखादं शहर टपून बसलंय. 2008 मध्ये 25 वर्षांचा नवा करार झाला. 2035 पर्यंत स्पर्धा ओमाहाची.

त्या बदल्यात शहराने सुमारे 13 कोटी डॉलरचं, 24 हजार आसनांचं स्टेडियम बांधून दिलं. पैशाचा मोठा भाग हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांवरच्या करातून, देणग्यांमधून, आणि नाव विकून. नाव मिळालं टीडी अमेरिट्रेडचं, इथेच वाढलेल्या शेअर दलालीच्या कंपनीचं. पुढे ती कंपनी चार्ल्स श्वाबने विकत घेतली, आणि आता फलकावर श्वाबचं नाव आहे. मेयरचं नाव गेलं, गावच्या कंपनीचं आलं, तेही गेलं.

फेहींचा निर्णय मला पटतो. पण त्याची किंमत कुणी मोजली हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही. रोझेनब्लाटमध्ये ओमाहा रॉयल्स नावाचा व्यावसायिक संघ उन्हाळाभर खेळायचा. वॉरन बफेटही कधीकाळी त्याचे भागीदार होते. स्वस्त तिकीट, पोरंबाळं घेऊन जायची संध्याकाळ. त्या संघाला डाउनटाउनचं अवाढव्य मैदान परवडणारं नव्हतं. तो शहराची हद्द ओलांडून शेजारच्या सार्पी काउंटीत, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात गेला, आणि तिथे त्याला नवंकोरं छोटं मैदान मिळालं. दीड आठवड्याचे पाहुणे ठेवून घेतले, उन्हाळाभराचे घरचे गेले. दक्षिण ओमाहाच्या अंगणांमधली कमाईही बंद झाली. 2012 मध्ये जुनं मैदान पाडलं. आज तिथे प्राणिसंग्रहालयाचं पार्किंग आहे, आणि जिथे होमप्लेट, म्हणजे बॅटर उभा राहायची जागा, होती तिथे मैदानाची एक बुटकी प्रतिकृती. लहान मुलं तिथे छान धावतात, हे खरं.

[दृश्य: जानेवारी 2011. बर्फ, मतदान केंद्र.]

नवं मैदान एप्रिल 2011 मध्ये उघडलं. त्याच्या आधीच, त्याच वर्षीच्या जानेवारीत, ओमाहाने आपल्या मेयरला परत बोलावण्यासाठी, म्हणजे मुदतीआधीच पदावरून काढण्यासाठी, मतदान घेतलं होतं. फेहींनंतर आलेले जिम सटल. गुन्हा काय? करवाढ. पोलीस आणि अग्निशमनच्या पेन्शनचा खड्डा भरायला त्यांनी घरपट्टी वाढवली आणि हॉटेलातल्या जेवणावर अडीच टक्के कर बसवला. लोकांनी सह्या गोळा केल्या. बर्फात मतदान झालं आणि सटल अगदी थोडक्यात वाचले, साधारण 51 विरुद्ध 49. हे शहराला नवं नव्हतं. 1987 मध्ये माइक बॉइल या मेयरला ओमाहाने खरोखरच घरी पाठवलं होतं.

मी हे पुण्यातल्या माझ्या मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात, आणि ते हसू कडू असतं. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. इथे जेवणाच्या बिलावर अडीच टक्के वाढले म्हणून लोक मेयरची खुर्ची हलवतात, आणि तिथे खुर्चीच रिकामी होती.

सटल पुढची निवडणूक 2013 मध्ये जीन स्टोथर्ट यांच्याकडून हरले. स्टोथर्ट या शहराच्या पहिल्या महिला मेयर. रिपब्लिकन, कामाला पक्क्या, आणि बांधकामाची आवड असलेल्या. त्यांच्या काळात डाउनटाउनचं रूप पालटलं. त्यांचा मोठा हट्ट म्हणजे ट्राम. ओमाहाने 1955 मध्ये बंद केलेली ट्राम पुन्हा आणायची. पैसा कुठून? रुळांच्या आजूबाजूच्या जमिनींच्या किमती वाढतील, त्यातून जो जादा मालमत्ता कर येईल त्यातून. म्हणजे उद्याच्या करावर आजचं कर्ज. गणित कागदावर जुळतं. पण उत्तर ओमाहात, जिथे काळ्या लोकांची जुनी वस्ती आहे, तिथला माणूस विचारतो की माझ्या गल्लीतून ही ट्राम कुठे जाते? उत्तर सोपं आहे: जात नाही.

[दृश्य: 2025 चा प्रचार. अंगणांतल्या पाट्या, काहींवर नुसता निळा ठिपका.]

तो निळा ठिपका समजून घ्या. राष्ट्राध्यक्ष निवडायला राज्याच्या वाट्याला जी मतं येतात, ती नेब्रास्का मतदारसंघांप्रमाणे वाटून देतं. लाल हा रिपब्लिकन पक्षाचा रंग, निळा डेमोक्रॅटिक पक्षाचा. राज्य रिपब्लिकन, पण ओमाहाच्या मतदारसंघाने 2008 मध्ये ओबामा, 2020 मध्ये बायडन आणि 2024 मध्ये हॅरिस यांना आपलं एक मत दिलं. लाल राज्यातला हा ठिपका लोक अंगणात अभिमानाने लावतात.

मे 2025 मध्ये स्टोथर्ट चौथ्यांदा उभ्या होत्या. समोर जॉन युईंग. आधी पोलीस खात्यातले मोठे अधिकारी, मग बरीच वर्षं काउंटीचे खजिनदार. स्टोथर्टांच्या बाजूने प्रचारात ट्रान्सजेंडर लोकांनी कोणतं स्वच्छतागृह वापरावं हा देशभर गाजणारा मुद्दा आणला गेला. युईंग यांच्या बाजूने उत्तर आलं ते खड्ड्यांचं: स्टोथर्ट स्वच्छतागृहांवर बोलतात, आम्ही रस्त्यांवरचे खड्डे बुजवू. वॉशिंग्टनहून आयात केलेला मुद्दा ओमाहाच्या खड्ड्यात रुतून बसला. मला ती निवडणूक त्यासाठीच आवडली. युईंग मोठ्या फरकाने जिंकले. ओमाहाने निवडून दिलेले पहिले कृष्णवर्णीय मेयर.

आणि शपथेनंतर चौथ्या दिवशी त्यांच्या दारात आठ संघ.

[दृश्य: मैदान. 16 जून 2025. आर्कान्सा विरुद्ध मरे स्टेट.]

आता जरा खेळ बघू, नाहीतर मी फक्त करांबद्दलच बोलत राहीन.

मरे स्टेट हे केंटकीतलं छोटं विद्यापीठ. पहिल्यांदाच इथवर आलेलं. त्यांच्यासमोर आर्कान्साचा गेज वुड चेंडू टाकायला उभा राहिला. सात इनिंग झाल्या, एकही बॅटर बेसवर पोचला नाही. आठव्यात एकाला चेंडू लागला, तो चालत पहिल्या बेसवर गेला, तेवढाच. नऊ इनिंग संपल्या तेव्हा मरे स्टेटच्या नावावर एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, नव्हता आणि त्यांचे बॅटर 19 वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू न फटकावताच बाद, झाले होते. या स्पर्धेत असं 1960 नंतर पहिल्यांदाच घडलं. शेवटच्या इनिंगला सगळं स्टेडियम उभं होतं. त्यातल्या निम्म्यांचा आर्कान्साशी काडीचा संबंध नव्हता. ओमाहाच्या प्रेक्षकाची हीच खासियत. त्याचा संघ नसतो, म्हणून त्याला चांगला खेळ कुणाचाही चालतो.

अंतिम फेरीत लुइझियानाच्या एलएसयू या विद्यापीठाने कोस्टल कॅरोलायनाला दोन सरळ सामन्यांत हरवलं. पहिला 1-0, केड अँडरसनने एकट्याने नऊही इनिंग टाकून जिंकलेला. दुसऱ्यात कोस्टलच्या प्रशिक्षकाला पंचांनी पहिल्याच इनिंगमध्ये मैदानाबाहेर काढलं. अंतिम सामन्यात, हुज्जत घातली म्हणून. त्यावर इथे आठवडाभर वाद चालला, ट्रामपेक्षा जोरात.

एलएसयूचे पाठीराखे शहराचे लाडके, कारण ते मनसोक्त खर्च करतात. स्टेडियमसमोरच्या रॉकोज नावाच्या पिझ्झाच्या दुकानात जेलीत दारू घातलेले छोटे कप मिळतात, आणि कुठल्या संघाच्या लोकांनी किती संपवले याचा फलक लागतो. 2023 मध्ये एलएसयूचा आकडा 68,888 होता. पैशांचा काही भाग गरजूंना अन्न देणाऱ्या संस्थांना जातो, म्हणून ओकाऱ्यांनाही पुण्य लाभतं.

[दृश्य: रिकामं मैदान, फवारे.]

पण 6 जूनची न्यायाधीशांची ती सही हा खेळ बदलणार आहे. आतापर्यंत बेसबॉलच्या संघाला फक्त 11.7 शिष्यवृत्त्या मिळायच्या. हो, दशांश. एक शिष्यवृत्ती तुकडे करून चार-चार मुलांत वाटायची, उरलेली फी आईबापांनी भरायची. आता ती मर्यादा गेली, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त 34 खेळाडू. आणि विद्यापीठं वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंमध्ये वाटू शकतात. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलला जाणार, तरी श्रीमंत विद्यापीठाकडे बेसबॉलसाठी उरेल. मुलांना पैसे मिळावेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांच्या घामावर सगळे कमावत होते, तेच तेवढे कोरडे होते. काळजी मरे स्टेटची आहे. पुढच्या वेळी त्यांचा चेंडू टाकणारा चांगला पिचर सापडला की मोठं विद्यापीठ त्याला उचलेल, कारण आता बदली घेणंही सोपं झालंय.

आणि काळजी ओमाहाची. हा खेळ जेव्हा फुकट खेळणाऱ्या पोरांचा होता, तेव्हा एका मध्यम शहराने टेकडीवरचं मैदान देऊन तो सांभाळला. आता यात खरा पैसा आलाय. 2035 ला कराराचा कागद पुन्हा टेबलावर येईल तेव्हा समोरचे लोक बदललेले असतील आणि मागण्या वाढलेल्या. गेल्या वेळी करार संपायच्या दोनच वर्षं आधी सही झाली होती, आणि घाईत शहराच्या वाटाघाटीची ताकद गेली होती.

मेयरची निवडणूक 2029 मध्ये, मग 2033 मध्ये. दुसरीची वाट बघत बसलो तर पुन्हा तीच घाई. म्हणून 2029 च्या प्रचारात जो कुणी दार वाजवेल, त्याला खड्ड्यांआधी मी एवढंच विचारणार आहे: पाहुण्यांनी अजून एक मैदान मागितलं, तर त्याचं बिल कुठल्या वस्तीच्या नावावर फाडणार?