पेवातला कंदील

श्रोतेहो, नमस्कार.

जीवशास्त्राचा पेपर देऊन आलेल्या मुलाला तो कसा गेला असे विचारले, की बहुधा 'सोपा होता, सगळे पाठच होते' असे उत्तर मिळते, आणि मला नेमके तेच खटकते. 'तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र होय' हे वाक्य बिनचूक लिहिणाऱ्याला श्वसन समजले आहे की नाही, ते त्या वाक्यावरून कळत नाही.

मग ते कशावरून कळावे? आपल्या सोलापूरकडे ज्वारी पूर्वी जमिनीखालच्या पेवात साठवत असत. पेव उघडले तरी जाणती माणसे कोणाला लगेच आत उतरू देत नसत. तोंड बराच वेळ उघडे ठेवून, दोरीने कंदील खाली सोडून पाहत, आणि तो विझला तर आणखी थांबत. (केवळ कंदिलाच्या भरवशावर आजही कोणी उतरू नये, हे सांगितलेच पाहिजे.) माझा प्रश्न एवढाच, की बंद पेवातला प्राणवायू गेला कुठे? 'हवा कोंडली' हे काही उत्तर नव्हे. वाळलेला दाणा जिवंत असतो, म्हणून तर तो पेरल्यावर उगवतो. तो अतिशय मंदपणे श्वसन करतो, सोबतची कीड आणि बुरशीही करतात, आणि त्यात प्राणवायू खर्च होऊन कार्बन डायऑक्साइड साठत जातो. याच हवेत कीड गुदमरते व धान्य टिकते. ज्याला हे सांगता आले, त्याने तंतुकणिकेचे नाव विसरले तरी मी त्याला उत्तीर्ण करीन.

दुसरा प्रश्न रब्बीच्या शिवारातला. पुरुषभर उंच वाढलेल्या ज्वारीच्या ताटाचे वजन आले कुठून? पदवीधरही 'मातीतून, खतातून' असे सांगतात. बेल्जियमच्या फान हेल्माँटने तोललेल्या मातीत विलोचे रोप लावून 5 वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड सुमारे 164 पौंडांनी वाढले आणि माती जेमतेम दोन औंस घटली. 1648 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून त्याने सारे श्रेय पाण्याला दिले, म्हणजे तोही अर्धाच बरोबर होता, कारण वाळलेल्या ताटातला कार्बन हवेतून येतो. अशी चूक कोऱ्या उत्तरपत्रिकेपेक्षा मोलाची, कारण विचार कुठे अडला ते तिच्यातून दिसते. झाडे फक्त रात्री श्वसन करतात, हा समजही असाच. ती दिवसाही करतात, पण प्रकाशसंश्लेषणाच्या वेगापुढे ते लक्षात येत नाही.

आता एक प्रश्न आपल्यासाठी. ताजी भाकरी झाकून ठेवली तर दोन-तीन दिवसांत तिला बुरशी येते, पण आपली कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, ती का? उत्तरात केवळ 'पाणी' हा शब्द आला तर अर्धे गुण. पूर्ण गुण, बुरशीला ते पाणी कशासाठी लागते हे सांगणाऱ्याला.

नमस्कार.