घिरडीनं टोबक्याला भुदाडलं

श्रोतेहो, नमस्कार. आधी एक वाक्य ऐकवतो. "लुमट्या घिरडीनं टोबक्याला सपशी भुदाडलं आणि आता टोबुकल्याला कुरडावतेय."

काहीच कळलं नाही ना? दुसरीतल्या माझ्या भाचीला हेच ऐकवलं. भुदाडलं कोणी? "घिरडीनं." कोणाला? "टोबक्याला." मग टोबुकलं कोण? "मामा, टोबक्याचं पिल्लू!" चिमुकलं, पिटुकलं तिच्या कानात होतंच. मग मी 'नं' आणि 'ला' यांची अदलाबदल केली : घिरडीला टोबक्यानं भुदाडलं. ती टाळ्या पिटत ओरडली, "टोबक्यानं बदला घेतला!"

युक्ती माझी नव्हे. रशियन भाषाशास्त्रज्ञ लेव श्चेर्बा आपल्या विद्यार्थ्यांना असंच वाक्य घालत : "ग्लोकाया कुज्द्रा श्तेको बुद्लानुला बोक्रा..." शब्दांची मुळं बनावट, प्रत्यय मात्र अस्सल रशियन. 'बुद्लानुला'मधल्या 'नु'वरून रशियन मुलाला कळतं, की कुज्द्रानं हे एकदाच, झटक्यात केलं. लेखक लेव उस्पेन्स्कींनी १९५४ सालच्या 'स्लोवो ओ स्लोवाख', म्हणजे 'शब्दांविषयी शब्द', या पुस्तकात श्चेर्बांचा तो तास गोष्टीसारखा रंगवला. पुढे १९६५मध्ये मॉस्कोत शाळकरी मुलांसाठी भाषाशास्त्राचं ऑलिम्पियाड सुरू झालं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड तर २०१६ साली आपल्या शेजारी, म्हैसूरला भरलं होतं.

मराठी मुलांच्या हातात असं पुस्तक पडावं, ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे. आपण आधी 'स, ला, ते' घोकून घेतो. तो 'ला' वाक्यात काय काम करतो हे मुलाला कित्येक वर्षांपासून येत असतं, त्याची दखलच घेत नाही. तीन वर्षांचं पोर "मी करलं" म्हणालं की हसून दुरुस्त करतो. पण 'करलं' त्याला शिकवलं कोणी? धरलं, भरलं, सरलं ऐकून नियम त्यानं स्वतः शोधलेला असतो. आडमुठं आहे ते 'केलं'! पुस्तकानं हा शोध कोड्यासारखा समोर ठेवावा. विभक्तीचं नाव मागाहून सांगता येतं.

भाचीनं काल मलाच वाक्य घातलं : "झुंबाड्यांनी फिसकी लपाटली." झुंबाडे किती होते? मी म्हणालो, एकाहून जास्त.

"चूक! एकच होते. ते आजोबा होते."