सिंधूचे दोन्ही हात जात्यावर

जळगावातल्या या तालमीत प्रत्येक पात्राला दोन नट आहेत. एक कर्णबधिर, तो खुणांच्या भाषेत भूमिका करतो. दुसरा त्याच्या संवादांना आवाज देतो, आणि तालमीत सगळे त्याला नुसते 'आवाज' म्हणूनच ओळखतात. नाटक आहे राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला'. २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला त्याचा पहिला प्रयोग केला, तेव्हा गडकऱ्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

जोडीची ही रीत नवी नाही. लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरने २००३ मध्ये 'बिग रिव्हर' ही संगीतिका ब्रॉडवेवर नेली ती अशीच. पण गडकरी अवघड. नाटकातल्या दारुड्या तळीरामाची कोटी एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर उभी असते. भारतीय सांकेतिक भाषेत त्या दोन अर्थांना बहुधा दोन निराळ्या खुणा असतात, आणि कोटी तिथेच फुटते. मग तळीराम झालेला मुलगा एक खूण अडखळत दुसरीत घसरवतो. हशा येतो, मात्र वेगळ्या कारणाने. शिवाय अनुप्रासांनी लगडलेले वाक्य 'आवाजा'च्या तोंडी अजून अर्धे असते, तोवर खुणा संपलेल्या असतात. शेवटची खूण तशीच हवेत धरून थांबावे लागते.

नायक सुधाकराच्या उजव्या हातात दारूचा पेला आला, की बोलायला डावाच उरतो. पेला मेजावर ठेवून बोलावे, अशी सूचना एकदा झाली होती. त्याने ती मानली नाही, हे बरेच झाले. कारण नशा चढते तशी त्याची बोटे अर्धवट मिटू लागतात, आणि 'आवाज' त्या बोटांवर नजर ठेवून तितकाच बोबडा होत जातो.

पदांच्या वेळी डग्ग्याची थाप लाकडी रंगमंचातून तळपायांना कळते. प्रवेशाचा इशाराही तसाच, विंगेतून पाय आपटून.

सुधाकराची बायको सिंधू हिच्या दळणाच्या प्रवेशात मात्र सगळेच थांबते. जात्याला खानदेशात घरोट म्हणतात. त्याचा खुंटा दोन्ही हातांत असेपर्यंत ही सिंधू एक शब्द बोलू शकत नाही. बोलायचे तर दळण थांबवायचे, पिठाचे हात पदराला पुसायचे आणि मग तान्ह्याकडे वळायचे. आजच्या तालमीत घरोट चौथ्यांदा थांबला आहे, आणि मागे बसलेली तिची 'आवाज' त्या पांढऱ्या बोटांकडे पाहत श्वास भरून घेते आहे.